फानी म्हणजे पाणी

आई, तू गेलीस त्याला आता वीस वर्षं होतील. एवढ्या काळात तुला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही, कारण तुझ्याशी मनातल्या मनात बोलायची सवयच होती. भाजी निवडताना, ह्यांच्या गोळ्या डबीत भरताना, कधी गंगेवर गेले तर पायऱ्या उतरताना. गेले तीन महिने ते बोलणं बंद पडलंय. सुरुवात केली की तू समोर उभी राहतेस आणि मी काहीतरी काम काढून दुसऱ्या खोलीत जाते. म्हणून लिहायला बसले. लिहिताना निदान खाली मान घालून बसता येतं.

तू ह्यांना पाहिलंस ते रेल्वेच्या नोकरीतले, सकाळी साडेआठला स्कूटरला किक मारणारे. दीड वर्षापूर्वी ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. बालाजी घाटाजवळचं आपलं भाड्याचं घर आम्ही कधीच सोडलंय, आता सिगऱ्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे म्हणून निभतं. लेक बंगळूरहून आली, पंधरा दिवस राहिली, तिनेच शोधाशोध करून ह्यांच्यासाठी दिवसभराची बाई ठेवून दिली. तिशीची असेल, बारीक चणीची, डोक्यावर ओढणी, हिंदी बोलायची पण अडखळत. कूचबिहारची आहे म्हणाली. बनारसमध्ये बंगाली बाईचं काय नवल? मी पुढे काही विचारलं नाही. नवरा जम्मूला इमारतीच्या कामावरून पडून गेला होता. आठ वर्षांची एक मुलगी होती, ती शाळेत जायची. दोघी रेल्वे लाइनीपलीकडे, भंगारवाल्यांच्या वस्तीत राहत होत्या.

मी ह्यांच्याशी मोठ्याने आणि हळूहळू बोलायचे, बहिऱ्याशी बोलावं तसं. ती तसं करायची नाही. ती ह्यांना रुसलेल्या मोठ्या माणसासारखं वागवायची. "बाबूजी, आज चम्मच नहीं पकड़ोगे तो मैं भी नहीं खाऊँगी," म्हणायची आणि खरंच ताट बाजूला सारून बसायची. ह्यांना लाज वाटायची. लाजेने का होईना, बोटं हलली. रोज तासभर कोमट तेलाने तो हात चोळायची, एकेक बोट वेगळं करून. चौथ्या महिन्यात ह्यांनी चमचा धरला तेव्हा मी रडले आणि ती हसली.

मग एका दुपारी मी ओट्याशी वरण घोटत होते आणि आतून ह्यांचा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा शब्द म्हणावा असा आवाज. "फा... नी." लगेच तिचा, "हाँ बाबूजी, फानी. फिर से बोलो." माझ्या हातातली रवी तशीच राहिली. आई, तो शब्द मी तुझ्याखेरीज कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

मी तापाने फणफणलेली आहे, सात-आठ वर्षांची. तू उशाशी बसली आहेस आणि ओल्या फडक्याचं टोक माझ्या ओठांवर पिळते आहेस. "फानी, बाळ, फानी." एरवी आपल्या घरात पाणी हे पाणीच होतं. कुणी आजारी पडलं की मात्र तुझ्या तोंडी ते फानी व्हायचं. तू लहान असतानाचा तो शब्द होता. तुझे वडील बर्मात आक्याबच्या बंदरावर तारमास्तर होते. जपान्यांची लढाई आली, बॉम्ब पडले, साहेब लोक बोटीतून निघून गेले आणि उरलेले सगळे चितगावच्या दिशेने चालत सुटले. वाटेत आजोबा पटकीने गेले. त्यांना तिथेच, ज्याचं नावही तुम्हाला ठाऊक नव्हतं अशा गावाबाहेर ठेवून आजी तुला घेऊन पुढे निघाली. तू सात वर्षांची, अंगात ताप. आराकानात तेव्हा शेजारी शेजाऱ्याला मारत होता. मुसलमानांची गावं बौद्ध जाळत होते, बौद्धांची मुसलमान. तसल्यात एका मुसलमान शेतकरणीने तुम्हा दोघींना भाताच्या कोठारात ठेवून घेतलं. अकरा दिवस. तिच्याच लोकांपैकी काही जण कोयते घेऊन दाराशी आले आणि आत कोण आहे म्हणून विचारू लागले, तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, माझी धाकटी बहीण आहे, पोरगी आजारी आहे, आत पाय टाकायचा नाही. तू हे सांगायचीस ते तांदूळ निवडता निवडता, सुपातून नजर न उचलता. आजी तुला घेऊन काशीला भावाकडे पोचली आणि तू बनारसची झालीस. त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं, असं तू दर वेळी म्हणायचीस.

त्या दुपारी हे झोपल्यावर मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. "फानी कहाँ बोलते हैं?" मी विचारलं. ती म्हणाली, आमच्या गावाकडे. मी म्हणाले, कूचबिहारला नाही म्हणत. तिचा चेहरा उतरला. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती दाराकडे बघू लागली, निघून जावं की काय अशी. तिने जाऊ नये म्हणून मी घाईघाईने तुझी गोष्ट सांगितली. आक्याब, कोठार, अकरा दिवस. ऐकता ऐकता ती खाली फरशीवर बसली. मग म्हणाली, "दीदी, वो हमारे लोग थे."

ती रोहिंग्या होती. हा शब्द मी तोवर फक्त टीव्हीवर ऐकला होता, आरडाओरड करणाऱ्यांच्या तोंडून. तिने सगळं सांगितलं, ज्या आवाजात ती ह्यांच्या जेवणाचा रोजचा हिशोब द्यायची त्याच आवाजात. सैनिक सकाळी आले. बरोबर शेजारच्या गावातले लोक होते, ज्यांना ती तोंडओळखीने ओळखत होती. बापाला भाताच्या खाचरात गोळी घातली. मुलगी पोटात होती, तशातच नवऱ्याबरोबर नाफ नदी ओलांडून ती बांगलादेशात आली. छावणीत पोचल्यावर वाटलं सुटलो, तर तिथे त्यांच्याच लोकांतले बंदूकवाले झोपड्यांतून फिरायचे, तरण्या पोरांना ओढून न्यायचे. म्हणून नवरा तिला घेऊन जम्मूला आला. धाकटा भाऊ मात्र मागे गावातच राहिला होता. त्याला मागच्या साली सैन्याने रस्त्यावरून उचललं, पंधरा दिवस बंदूक चालवायला शिकवलं आणि राखाइन बौद्ध बंडखोरांशी लढायला पुढे घातलं. "जिसने घर जलाया, उसी की वर्दी पहना दी," ती म्हणाली. त्यानंतर त्या बंडखोरांनी उरलंसुरलं गाव जाळलं. भावाचं पुढे काही कळलं नाही. तिच्याकडे निर्वासितांचं कार्ड होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून कमरेला ठेवलेलं. पण ते दाखवलं की काम मिळत नाही आणि हल्ली तर उलटी आफत येते, म्हणून कूचबिहार.

मी तिला म्हणाले, मी कुणाला सांगणार नाही. तिने तसं काही मागितलं नव्हतं, तरी दोनदा म्हणाले. तुझी राखाडी लोकरीची शाल कपाटातून काढून तिला दिली. ती घ्यायला तयार नव्हती. "आपकी माँ," म्हणाली, "उनको ठंड लगेगी." मेलेल्या माणसाबद्दल असं कुणी म्हणतं का? पण ती म्हणाली, आणि मग शाल खांद्यावर घेऊन बसून राहिली.

तेवढे तीन-चार आठवडे मी फार चांगली होते, आई. मला माझं कौतुक वाटत होतं. तिच्या मुलीसाठी मी वह्या आणल्या. तिच्या ताटात माझ्याआधी वाढायला लागले. कुणाला सांगायचं नव्हतं, आणि हळूहळू त्याचाच त्रास व्हायला लागला. एवढी मोठी गोष्ट माझ्याकडे होती आणि ऐकायला कुणी नव्हतं.

चैत्रात आपल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. बालाजी घाटाकडच्या त्याच गल्लीत, त्याच ओसरीवर, फक्त आता बायका मराठीत सुरुवात करतात आणि हिंदीत वाक्य संपवतात. आंब्याची डाळ होती, पन्हं होतं. मी वर्षभराने गेले होते. "त्यांची तबियत कशी आहे?" असं सगळ्यांनी विचारलं आणि उत्तर पुरतं न ऐकता पुढे सरकल्या. आजारी नवऱ्याच्या बायकोशी कुणाला फार बोलायचं नसतं. मग कुणीतरी तुझं नाव काढलं, बाई शाळेत भूगोल किती छान शिकवायच्या म्हणून. मी म्हणाले, तिने तो चालून शिकला होता. आणि सांगायला लागले. बर्मा, आजोबा, कोठार. एकेक बाई वळली. पन्ह्याचे पेले हातात तसेच राहिले. कुणी "अगं बाई" म्हणालं, कुणाच्या डोळ्यात पाणी आलं. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे होते, आणि ते पुन्हा वळतील याची मला भीती वाटली. मी म्हणाले, "आणि गंमत बघा, त्याच गावाकडची बाई आज माझ्या घरी ह्यांना पाणी पाजते."

मग आमच्याच सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहणारी, जिचा मुलगा कमिटीवर आहे ती, हसत हसतच म्हणाली, "म्हणजे रोहिंग्या?" मी म्हणाले, "छे हो, तसं नाही, बंगालीच." म्हणताना माझा आवाज कसा आला असेल ते तिच्या तोंडावर दिसलं. दुसरी म्हणाली, "आजकल ध्यान रखना पड़ता है." आणि सगळ्या डाळीकडे वळल्या.

ऑटोत बसल्यावर मला तुझ्या स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ आठवली. मी सहावीत होते. वर्गातली एक मुलगी सगळ्यांना सांगायची की तिचे वडील मुगलसरायला रेल्वेत आहेत. मी त्यांना मणिकर्णिकेवर चितेची लाकडं वाहताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून टाकलं. मुली तिच्या डब्यापासून उठून गेल्या. तुला हे शाळेत कळलं. तू घरी येऊन हात धुतलेस आणि कणीक मळायला घेतलीस. मग म्हणालीस, "तू खोटं बोलली नाहीस हे मला माहीत आहे. पण तिच्या घरचं चव्हाट्यावर मांडायला तुला कुणी सांगितलं होतं?" मी म्हणाले, मी खरं तेच बोलले. तू म्हणालीस, "हो. मजा आली ना?" मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी तू मला तिच्या घरी नेलंस. ती बाहेर आली नाही. शाळेतही पुन्हा आली नाही.

हळदीकुंकवानंतर पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दोन पोलीस आले. तरुण होते, बूट बाहेर काढायला लागले तर मीच नको म्हणाले. नीट बोलत होते. भाडेकरू आणि घरकामवाल्यांची तपासणी चालू आहे, फॉर्म भरायचा आहे. "माताजी, ये जो आपके यहाँ काम करती हैं, कहाँ की हैं?" ती ह्यांच्या खोलीच्या दारात उभी होती, हातात ओला टॉवेल. तिने माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या बघण्यात. कूचबिहार म्हणायचं होतं, आई, एवढंच. वर्षभर आहे आमच्याकडे, माझ्या ओळखीची आहे, बसा, चहा घ्या. कदाचित त्याने काही झालं नसतं, त्यांनी कागद मागितलेच असते. पण मला म्हणायचं होतं आणि मी तसा सरावही केला होता, रात्री अंथरुणावर. त्या मुलाने पेनचं टोपण काढलं आणि मला एकदम माझं नाव त्या फॉर्मवर दिसलं, ह्यांचं पेन्शन दिसलं, लेकीची नोकरी दिसली. मी म्हणाले, "हमको क्या मालूम भैया. हमसे तो कूचबिहार बोली थी." आणि तेवढ्यावर थांबले नाही. "झूठ बोली होगी तो हमसे भी झूठ बोली."

कूचबिहार खोटं आहे असं त्यांनी तोवर म्हटलंच नव्हतं. ते मी सांगितलं.

दोघांपैकी वयाने मोठा होता त्याने तिच्याकडे वळून विचारलं, मॅडमला माहीत होतं का? तिने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर नीट पसरून ठेवला. "नहीं," ती म्हणाली. "दीदी को कुछ नहीं मालूम." घरी आणखी कोण आहे, त्याने विचारलं. "कोई नहीं. अकेली हूँ." मुलगी तेव्हा शाळेत होती. चप्पल घालता घालता तिने मला ह्यांच्या बाराच्या गोळीची आठवण करून दिली. मग खालून एक महिला पोलीस वर आली आणि ते तिला घेऊन गेले.

मी गोळी घेऊन आत गेले. ह्यांनी तोंड मिटून घेतलं. फानीच्या त्या दुपारी स्वयंपाकघरात आम्ही बोललो तेव्हा हे पलीकडे झोपलेत असं मी धरून चालले होते. डावा हात पलंगावर आपटत, एकेक शब्द ओढून काढत हे म्हणाले, "तुला. माहीत. होतं." एवढं लांब वाक्य आजारानंतर पहिल्यांदाच बोलले. मी हो म्हणाले. हे भिंतीकडे वळले.

पुढचं थोडक्यात सांगते. तिला दुसऱ्या शहरात, परदेशी लोकांना ठेवतात तिथे नेलं. मुलीला शेजारणीने आपल्या झोपडीत ठेवून घेतलं. ती शेजारीण बंगालातल्या मालद्याकडची, भंगार वेचून वेगळं करते, तिची स्वतःची तीन मुलं. मुलीला मी आणावं असं माझ्या मनात येऊन गेलं. येऊन गेलं, एवढंच. मग दिल्लीहून एका वकीलबाईंचा फोन आला. तिच्या बाजूने फुकट केस लढतायत. त्यांना माझं प्रतिज्ञापत्र हवं होतं, की ती कशी वागली, किती दिवस होती आणि ती कोण आहे हे मला कधी कळलं. मी विचारलं, पोलिसांना मी वेगळं सांगितलंय, मला काही होईल का? त्या म्हणाल्या, बहुधा नाही, पण नाहीच असं सांगत नाही. कागद आला तो एकोणीस दिवस देवघराच्या खणात पडून होता. विसाव्या दिवशी मी सही केली, मला माहीत होतं असं लिहून दिलं. तोवर एक तारीख होऊन गेली होती. वकीलबाई म्हणाल्या, आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण असू दे, पुढच्या वेळी लागेल. हे समजल्यावर ह्यांनी माझ्या हातून पुन्हा जेवायला सुरुवात केली. मला वाटलं, आता मी तुला तोंड दाखवू शकेन.

गेल्या आठवड्यात वकीलबाईंनी तिला दोन मिनिटं फोनवर दिलं. आवाज ओळखू येत नव्हता. पहिलं विचारलं ते, "बाबूजी चम्मच पकड़ते हैं?" मी हो म्हणाले. मग म्हणाली, "दीदी, किसने बताया होगा? मैं सोचती रहती हूँ. यहाँ और काम नहीं है." कूचबिहार खोटं आहे हे तिच्याखेरीज फक्त दोघींना माहीत होतं, ती म्हणाली, मला आणि शेजारणीला. माझ्याबद्दल तिच्या मनात काही नव्हतंच, कारण मी कोठारातल्या पोरीची मुलगी होते. पोलिसांनी नेण्याच्या महिनाभर आधी शेजारणीचं आणि तिचं नळावरून भांडण झालं होतं. "वही होगी ना, दीदी?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "पता नहीं."

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंचा फोन आला की आईच्या सांगण्यावरून मुलीला शेजारणीकडून काढून मुलींच्या आश्रमात ठेवतायत, आईचा आता शेजारणीवर भरवसा नाही. तो फोन माझ्या हातात होता. पलीकडे वकीलबाई होत्या. मी म्हणाले, ठीक है.

काल दुपारी ती शेजारीण आमच्या दाराशी आली. उन्हातून चालत आली होती, हातांना भंगाराचा काळा चिकटा. आत यायला तयार नव्हती. मुलीला नेताना मुलगी तिच्या साडीला धरून ओरडत होती, तिने सांगितलं. आपल्या तीन पोरांच्या तोंडचं काढून तिला अडीच महिने घातलं होतं. वस्तीत आता सगळे तिच्याकडे बोट दाखवतायत. "आप बड़े लोग हैं, आपकी बात वो मानेगी. अल्ला कसम, मैंने किसी को नहीं बताया. आप मानती हैं ना?"

मी तिला पाणी दिलं. म्हणाले, "मैं जानती हूँ, तुमने नहीं बताया." ते खरंच होतं. तिचा चेहरा उजळला. या सगळ्या दिवसांत तिला असं म्हणणारी मी पहिली होते.

हे पत्र मी गंगेत सोडणार नाही, जाळणारही नाही. खणात ठेवीन, आणि एखाद्या दिवशी लेकीच्या हाती लागू नये म्हणून तिथूनही हलवीन. वकीलबाईंचा नंबर फोनमध्ये आहे. आत्ता दुपारचे तीन वाजलेत, त्या फोन उचलतील अशी वेळ आहे, आणि मी तुला लिहीत बसले आहे.

एक लिहायचं टाळत होते. जाताना ती शेजारीण वाकली आणि तिने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.